पेढा मुळात आहे तरी कोण?

मिरग बरसला की माझ्याकडं येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. उन्हाळाभर गोचीड, पिसवा आणि मांजरीचं बाळंतपण चालू असतं. पाऊस लागला की बेडूक सुरू. या वेळी तीन पत्रं निवडली आणि तिन्ही बेडकांचीच निघाली. पहिलं पत्र मोठं आहे, सोबत फोटो आहेत आणि त्यातल्या जिवाला घाई आहे, म्हणून बरीचशी जागा त्यालाच दिली. बाकीचे दोघं समजून घेतील.

सप्रेम नमस्कार मॅडम,

गेल्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी किल्ल्यासाठी मावळे आणायचे म्हणून पैसे नेले आणि फिश टँकच्या दुकानातून दोन पांढरे बेडूक घेऊन आले. तेव्हा अंगठ्याच्या पेराएवढे होते. दुकानदारानं सांगितलं होतं, “चायनीज अल्बिनो आहे, एवढाच राहतो, माशांत सोडला तरी चालतो, काय पण खातो.” आमच्या टँकमध्ये आठ गप्पी मासे होते. संक्रांतीपर्यंत एकही उरला नाही. त्यानंतर लहान बेडूक एका सकाळी दिसेनासा झाला. चार दिवसांनी तो सोफ्याखाली वाळलेला सापडला. उरलेला आता माझ्या तळहाताएवढा झालाय. त्याचं नाव पेढा.

पेढा पाण्याबाहेर कधीच येत नाही. डोळे मिटत नाही. घास दोन्ही हातांनी तोंडात कोंबतो. परवा रात्री त्यानं अंगावरची कातडी सोलून काढली आणि खाऊन टाकली. माझ्या आईनं ते पाहिलं, तेव्हापासून ती त्या खोलीत पाऊल टाकत नाही. आम्ही त्याला रोज चपाती, उकडलेलं अंडं, रविवारी चिकनचे बारीक तुकडे घालतो. आठ-दहा दिवस झाले, खाणं कमी झालंय आणि मांड्यांवर लाल ठिपके दिसतात. आई म्हणते, रंकाळ्यात सोडून या. पोरगं सहावीत आहे, ते रडतंय. हा नक्की कुठला बेडूक? बरा होईल का? ठेवायचा की सोडायचा? सहा फोटो पाठवत आहे.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

रंकाळ्यात सोडू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. कारण पुढं सांगते.

तुमच्या सहा फोटोंतले पाच पेढ्याच्या तोंडाचे आहेत. छान आले आहेत, पण मला त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. सहावा बहुधा चुकून निघालाय. पेढा काचेला चिकटलाय आणि पोटाकडून चारही पाय पसरलेले दिसतायत. त्या एका फोटोनं काम झालं. प्राणिशास्त्राच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी पोरांना दरवर्षी तेच सांगायची: बेडूक ओळखायचा तर तोंडाकडं बघत बसू नका, पाय बघा. तोंड सगळ्यांचंच सारखं, रुसलेलं.

आता तुम्हीही तो फोटो काढून समोर धरा. मागच्या पायाला पाच बोटं आहेत आणि त्यांच्यामध्ये बदकासारखा पूर्ण पडदा आहे. आतल्या बाजूच्या तीन बोटांच्या टोकांवर टोपण बसवल्यासारखी अणकुचीदार नखं दिसतात का? दिसतीलच. आपल्या शेतातल्या, विहिरीतल्या, बाथरूममधल्या बेडकाला अशी नखं नसतात. आता पुढचे हात बघा. चार बोटं, बारीक, मोकळी, पडदा अजिबात नाही. मागं पडदा, पुढं मोकळी बोटं आणि तीन नखं, एवढ्यावरच मी निकाल देते: पेढा हा आफ्रिकन नखवाला बेडूक आहे. शास्त्रीय नाव झेनोपस लेव्हिस. झेनोपस म्हणजे विचित्र पायाचा, लेव्हिस म्हणजे गुळगुळीत. नाव ठेवणाऱ्यानंही आधी पायच बघितले होते. मूळ गाव सहाराच्या खालची आफ्रिका. चीनशी याचं दूरचंही नातं नाही. रानातला नखवाला वरून करडा-हिरवट असतो. हा पांढरा-गुलाबी प्रकार माणसानं पाळून, जोड्या लावून वाढवलेला आहे.

मग दुकानदार खोटं बोलला का? मला तसं वाटत नाही, त्याचा घोटाळा झाला असेल. त्याच दुकानांत आणखी एक आफ्रिकन पाणबेडूक मिळतो, बुटका. तो खरोखरच तीन-चार सेंटिमीटरच्या पुढं जात नाही आणि शांत माशांबरोबर जमवून घेतो. लहानपणी दोघं शेजारी ठेवले तर गिऱ्हाईक फसतं आणि विकणाराही फसतो. फरक पुन्हा हातातच: बुटक्याच्या पुढच्या बोटांनाही पडदा असतो, नखवाल्याच्या नसतो. शिवाय बुटक्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. पेढ्याचे बघा, डोक्यावर दोन मणी ठेवल्यासारखे आभाळाकडं लागलेत. दिवाळीत कुणी तुम्हाला एवढं दाखवलं असतं तर आठ गप्पी वाचले असते. आता ते पेढ्याच्या हाडामांसात आहेत.

तिसरी शंका काही जण काढतात, की हा आपलाच मोठा बेडूक पांढरा जन्मला असेल. तसा क्वचित जन्मतोही. पण आपल्या बेडकाच्या डोळ्यामागं गोल चकतीसारखा कानाचा पडदा स्पष्ट दिसतो. पेढ्याला तो दिसत नाही. आणि आपला बेडूक तासाभरात बाहेर येऊन बसला असता.

आता आईंसाठी. काकू, तो बेडूक भुताटकीचा नाही. त्याला जीभ नाही. आपला बेडूक जीभ फेकून किडा ओढतो, याला तो मार्ग नाही, म्हणून दोन्ही हातांनी कोंबावं लागतं. उघडझाप करणाऱ्या पापण्या नाहीत, म्हणून डोळे मिटत नाहीत. कातडी सगळेच बेडूक टाकतात आणि बहुतेक खातात. त्यात प्रथिनं असतात, ती कोण वाया घालवील? आपण शिळ्या भाकरीचा कुस्करा करतोच की. अंगाच्या दोन्ही बाजूंना शिवणीच्या टाक्यांसारख्या बारीक रेघा दिसतील. त्या माशांना असतात तशा पाण्याची हालचाल टिपणाऱ्या आहेत. तुम्ही खोलीत पाऊल टाकलंत आणि फरशी हलली की त्याला कळतं. तुम्ही त्याला जेवढ्या घाबरता, तेवढाच तोही तुम्हाला घाबरतो.

आणखी एक. त्या सहाव्या फोटोत मागच्या दोन पायांच्या मध्ये शेपूट झडून गेल्यासारखी लहानशी झालर दिसते. नराला ती नसते. नराच्या हातांच्या आतल्या बाजूला काजळी लागल्यासारखे गडद पट्टे येतात, ते इथं नाहीत. नर आकारानंही लहान राहतो आणि रात्री पाण्याखाली टिकटिक असा आवाज करतो. सारांश, पेढा मादी आहे. नरसोबाच्या वाडीला गेलात तर या खेपेला पेढ्याऐवजी बासुंदी आणा आणि बारसं उरकून टाका.

या मादीच्या जातीनं माणसाचं काय काम केलंय ते मुलाला सांगा, मोठ्यांच्या भाषेत सांगितलं तरी चालेल. १९२० च्या दशकाच्या अखेरीस लॅन्सलॉट हॉगबेन हा इंग्रज शास्त्रज्ञ दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला काम करत होता. तिथल्या या बेडक्यांवर प्रयोग करताना त्याच्या लक्षात आलं, की विशिष्ट संप्रेरक टोचलं की ही बेडकी अंडी घालते. गरोदर बाईच्या लघवीत तशाच कामाचं संप्रेरक असतं. मग काय, बाईची लघवी बेडकीला टोचायची आणि रात्रभर थांबायचं. सकाळी अंडी दिसली तर गोड बातमी. आज औषधाच्या दुकानात पट्टी मिळते. तेव्हा कित्येक देशांतल्या दवाखान्यांत टाक्या भरून या बेडक्या असायच्या आणि १९६० च्या दशकापर्यंत हे चाललं. बेडकी मरतही नसे, पुन्हा वापरता येई. पुढं जॉन गर्डन या इंग्रज शास्त्रज्ञांनी याच जातीच्या बेडूकपिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक अंड्यात घालून नवा बेडूक वाढवला. त्यांचा शोधनिबंध १९६२ चा, नोबेल २०१२ चं. आम्ही मात्र त्या काळी ट्रेमध्ये टाचण्या टोचून आपला शेतातला मोठा बेडूक फाडायचो. आज ते आठवलं की हात धुवावेसे वाटतात.

असो. पेढा आजारी आहे, तिकडं वळते.

पांढऱ्या बेडकाची कातडी पारदर्शक असते. मांड्या, बोटांमधला पडदा, पोटाचा खालचा भाग तसाही गुलाबीच दिसतो. तो रक्ताचा रंग आहे, रोग नव्हे. पण तुम्ही म्हणता ते ठिपके नवे आहेत, टाचणी टोचल्यासारखे आहेत आणि खाणंही घटलंय. ही दोन लक्षणं एकत्र आली की मी थट्टा बंद करते. बेडकांत ‘लाल पाय’ म्हणतात असा जिवाणूंचा आजार असतो आणि त्याची सुरुवात अशी होऊ शकते. फोटोवरून मी निदान करणार नाही. पण हे जिवाणू बहुतेक वेळा पाण्यात असतातच. बेडूक धडधाकट असला तर काही बिघडत नाही. पाणी बिघडलं, बेडूक खचला, की ते आत शिरतात. आणि तुमच्या पत्रातून पाण्याचा वास मला इथवर येतोय. रोज चपाती, अंडं, चिकन! पाण्यात चपाती तासाभरात लगदा होते, अंड्याचा गर कुजतो. कुजण्यातून आणि बेडकाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. बेडूक कातडीतून पाणी आणि प्राणवायू घेतो, म्हणजे तो अमोनियाही त्याच वाटेनं घेतो. आपल्याला चुलीचा धूर डोळ्यांना झोंबतो, त्याला हे पाणी सगळ्या अंगाला झोंबतं.

आजच करायचं ते असं. प्लॅस्टिकचा मोठा टब घ्या. साबणाची, फिनेलची आठवण नसलेला, शक्यतो नवा. वीतभर पाणी, त्यात लपायला फुटक्या माठाचं खापर. कडा घासून घ्या, नाहीतर कातडी कापेल. वर जाळी आणि जाळीवर वजन. लहान बेडूक सोफ्याखाली कसा गेला हे तुम्ही पाहिलंय. हे प्राणी पाण्याबाहेर राहत नाहीत, पण झाकण नसलं की रात्री उडी मारतात आणि परतीची वाट त्यांना सापडत नाही. टबमधलं पाणी रोज बदला. उचलताना हात ओले हवेत, सॅनिटायझर-साबण लावलेले नकोत. नंतर मात्र साबणानं धुवा, बेडकांच्या अंगावर पोट बिघडवणारे जिवाणू असू शकतात. दुकानातली माशांची निळी-हिरवी औषधं टाकू नका. माशाला चालणारं औषध बेडकाच्या कातडीला चालेलच असं नाही. दोन-तीन दिवसांत ठिपके वाढले, पोट फुगलं किंवा तो पाण्यावर तिरका तरंगू लागला तर ससा, पोपट, कासव असे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडं न्या. सोबत जुन्या टँकचं पाणी बाटलीत न्या. गाई-म्हशींच्या डॉक्टरांना उगीच भरीला घालू नका, ते बिचारे “बेडूक?” असं विचारून आपल्याकडंच बघत राहतात.

पाण्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण त्यात माझा हात पोळलाय. माझ्याकडं एका विद्यार्थिनीनं आणून दिलेला असाच नखवाला होता, करडा, साध्या रंगाचा. ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. आमचं घर उंचावर, पण नळ कोरडे. पूरग्रस्त नातेवाईक घरात, चौदा माणसं, एक संडास. चौथ्या-पाचव्या दिवशी टँकर आला. बादली भरली, ब्लीचिंगचा वास नाकात गेला, तरी डोकं ठिकाणावर नव्हतं. बेडकाचं पाणी गढूळ झालं होतं म्हणून तीच बादली ओतली. सकाळी तो उताणा होता. टँकरवाल्यानं त्याचं काम चोख केलं होतं, पुराच्या दिवसांत ब्लीचिंग हवंच. चूक माझी. तेव्हापासून माझ्या बाल्कनीत झाकण उघडं ठेवलेली एक बादली कायम भरलेली असते.

तुम्हीही तेच करा. नळाचं पाणी एक रात्र उघडं राहू द्या आणि वरून अँटिक्लोरीनचे, म्हणजे ब्लीचिंगमधला क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे थेंब टाका. बोअरचं पाणीही चालेल. घरातल्या आरओ मशीनचं नको, त्यातले क्षार निघून गेलेले असतात. पेढा बरा झाला की टँकमध्ये परत. एका मोठ्या मादीला किमान ४० लिटर पाणी लागतं. खोली एक ते दीड वीत, कारण श्वासाला तिला वर यावं लागतं. आठवड्यातून एक-दोनदा पाव टाकी पाणी बदला, एकदम सगळं नको. साधा स्पंजचा फिल्टर लावा. धबधब्यासारखा पंप नको. त्या टाक्यांसारख्या रेघा आठवतात ना? जोराचा प्रवाह म्हणजे तिच्यासाठी चोवीस तास वाजणारा डॉल्बी आणि कोल्हापूरकरांना डॉल्बी समजावून सांगायची गरज नाही. तळाला रंगीत खडी असेल तर काढून टाका. ती घासाबरोबर गिळते आणि पोट अडतं. तळ मोकळा ठेवा, नाहीतर तिच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे घाला.

उष्णतेचं विसरू नका. हिला १८ ते २२ अंशांचं पाणी मानवतं. आत्ता पावसाळ्यात कोल्हापूर तिला स्वर्ग आहे. पण एप्रिल-मेमध्ये पारा ३८ च्या आसपास जातो तेव्हा टँक खिडकीजवळून हलवून सगळ्यात गार खोलीत, जमिनीलगत ठेवा. जाळीवर पंख्याचा वारा लागू द्या, दुपारी बर्फ केलेली पाण्याची बंद बाटली आत सोडा. मला तर शंका आहे, पेढ्याचं बिनसलं ते मे महिन्यातच, तुमच्या लक्षात आलं आत्ता.

खाण्याचं सगळ्यात सोपं. चपाती बंद, अंडं बंद, रविवारचं चिकन तुम्ही खा. हिला दानवं घाला, म्हणजे गांडुळं. मासे धरायला गळाला लावतात तीच. उसाच्या फडातली नकोत, तिथं तणनाशक आणि खतं पडतात. परसातल्या कुंडीतली, कंपोस्टमधली चांगली. धुऊन, मोठी असली तर तुकडे करून. बुडणाऱ्या गोळ्यांचं तयार खाद्य मिळतं, तेही चालतं. आठवड्यातून दोन-तीन वेळाच. पंधरा-वीस मिनिटांत उरलेलं काढून घ्या. ती भुकेलेली दिसेलच, ती नेहमीच भुकेलेली दिसते, जातच तशी आहे. कोंबण्याचा तमाशा बघायला पाहुण्यांसमोर पुन्हापुन्हा घालू नका. हे मी तुमच्या चिरंजीवांसाठी लिहितेय, तुम्हाला नाही.

आता रंकाळा. माझ्या लहानपणापासून कोल्हापूरकर नको झालेलं सगळं रंकाळ्यात सोडत आलेत. त्याबद्दल बोलायला लागले तर जागा पुरणार नाही. बेडकापुरतं बोलते. नखवाला बेडूक समोर येईल ते खातो: माशांची पिल्लं, किडे, दुसऱ्या बेडकांची पिल्लं, स्वतःचीसुद्धा. कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स, पोर्तुगाल, सिसिली इथल्या तळ्या-ओढ्यांत तो असाच प्रयोगशाळांतून आणि पाळणाऱ्यांकडून सुटला आणि ठाण मांडून बसला. शिवाय त्याच्या कातडीवर एक बुरशी असू शकते. त्याला ती फारशी बाधत नाही, पण जगात ठिकठिकाणी त्याच बुरशीनं बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्यात. रंकाळ्यापासून राधानगरी, दाजीपूरचं जंगल किती लांब आहे? आपल्या सह्याद्रीत असे बेडूक आहेत जे जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. आंबोलीच्या कातळावरचा भेक शास्त्राला माहीत झाला तो २००९ साली. इतक्या उशिरा ओळख झालेल्याला इतक्या लवकर निरोप द्यायचा?

एकट्या पेढ्यानं काय होणार, असं वाटेल. चिलापी आठवा. बाजारात घेताना आपण नदीचा मासा म्हणून घेतो. चिलापी आफ्रिकेची. भारतात ती १९५२ साली आणली. आज ती कुठल्या तळ्यात नाही ते सांगा.

आणि न सोडताही सुटतं. मंगळवार पेठेत तुम्ही किती उंचावर आहात मला माहीत नाही, पण २०१९ ला आणि २०२१ ला व्हीनस कॉर्नरला पाणी कुठवर होतं ते तुम्ही पाहिलंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांकडं सरकू लागली की लोक आधी गाड्या हलवतात, मग गाद्या. तळमजल्यावर फिश टँक असणाऱ्यांनी त्या यादीत टँकही घालावा. पुराचं पाणी काचेवरून गेलं की बेडूक कुणाची परवानगी विचारत नाही.

ठेवायचा की सोडायचा, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी आणखी एक आकडा सांगते, मग तुम्ही ठरवा. नीट ठेवली तर ही जात पंधरा वर्षं सहज जगते, काही त्याच्याही पुढं जातात. चिरंजीव सहावीत आहेत. त्यांच्या लग्नाच्या वरातीपर्यंत बासुंदी टँकमध्ये असू शकते. झेपणार नसेल तर लाजू नका. दुकानदाराला परत घ्यायला सांगा किंवा बेडूक पाळणारा कुणी गाठा. घर बदललं तर चालतं, तळं दाखवायचं नाही.

आणि बाळा, मावळ्यांच्या पैशाचा हिशोब तुझ्या बाबांनी मागितला नसेल तर मीही मागत नाही. पण पुढच्या वेळी कुठलाही प्राणी घेण्याआधी त्याचे पाय बघायला शिक. आज संध्याकाळी एक वही कर. तारीख, पाण्याचं तापमान, काय खाल्लं, ठिपके किती. दोन आठवड्यांनी ती वही मला पाठव. फोटो पोटाकडून काढ.

मॅडम, आमच्या बाथरूममध्ये पावसाळ्यात एक तपकिरी बेडूक येऊन भिंतीला चिकटून बसतो. कधी गडद दिसतो, कधी पिवळट. रात्री वटवाघळासारखा अचानक अंगावर उडी मारतो. मुलगी म्हणते, काचेच्या बरणीत पाळू या. हा विषारी आहे का? – एक गृहिणी, फुलेवाडी

बोटांची टोकं बघा. चपटी, गोल, टिकलीसारखी आहेत का? मग हा झाडबेडूक, पॉलीपेडेटिस मॅक्युलेटस. त्या टिकल्यांनीच तो टाइल्सवर चिकटतो. इंग्रजीत याला चुनाम फ्रॉग म्हणतात. चुनाम म्हणजे आपला चुनाच, भिंतीला लावतात तो. रंग बदलणं त्याचा रोजचा धंदा आहे. विषारी नाही. तुमच्याकडं तो आंघोळीला येत नाही, दिव्यावरचे किडे आणि झुरळं खायला येतो. शिवाय ओल फुकट.

बरणीत नको. हा इथला रानचा प्राणी आहे, दुकानातून आलेला नाही. त्याला कोंडायचं कारणच नाही, तो स्वतःहून तुमच्या घरी राहतोय. १९८७ पर्यंत आपला देश बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवायचा, मग ते बंद केलं. एवढ्या मुश्किलीनं वाचलेल्यांना आता बरणीत घालू नका.

मुलीला पाळण्यापेक्षा मोठी गंमत दाखवा. गच्चीवर किंवा परसात एखादं पाण्याचं पिंप असेल तर त्याच्या वर, कडेला किंवा फांदीला, अंड्याचा पांढरा भाग फेसून चिकटवल्यासारखा गोळा दिसतो का बघा. मादी पायांनी फेसून तो करते आणि त्यात अंडी घालते. काही दिवसांनी पिल्लं त्यातून टपाटप खाली पाण्यात पडतात. तो गोळा दिसला तर पिंपाचं पाणी ओतू नका आणि तिला खुर्ची टाकून बसवा. डासांची काळजी वाटली तर जाळी लावा, फक्त गोळ्याच्या खाली नको. आणि बाथरूमचा दिवा लावल्यावर दोन सेकंद थांबून आत जा, म्हणजे उडीचा धसका बसणार नाही. त्यालाही.

बेडकाला हात लावला की चामखीळ येते, हे खरं का? आमच्या अंगणातल्या भेकाच्या अंगावर सगळ्या गाठी आहेत. – एक शेतकरी, शाहूवाडी तालुका

येत नाही. चामखीळ माणसाकडून माणसाला होते, एका विषाणूमुळं. भेकाच्या गाठी या त्याच्या ग्रंथी आहेत. डोळ्यांमागच्या दोन मोठ्या गाठींतून त्रास दिल्यावर दुधासारखा चीक येतो. हाताला लागला तर धुवा, तो हात डोळ्याला लावू नका. माणसापेक्षा कुत्र्याला जपा. भेक तोंडात धरला की तोंडाला फेस येतो. लगेच तोंड पाण्यानं धुवा, पाणी बाहेर पडेल असं तोंड खाली धरून, आणि डॉक्टरकडं न्या. आमच्या मोत्यानं २०२० च्या पावसात एक भेक चावला, दोन दिवस निपचित पडून होता. मला वाटलं, शिकला. २०२१ च्या पावसात पुन्हा तोच भेक, किंवा त्याचा भाऊ.